पलीकडच्या काठचं बिलियन

त्यानं पॅड तिच्या बाजूला सरकवलं आणि पेन्सिलीच्या टोकानं आकड्याखाली टकटक केलं. ४ टे. तिनं आकडा पाहिला, त्यापुढचं अक्षर पाहिलं आणि नजर पुन्हा काचेपलीकडे सभागृहात नेली. व्यासपीठावर सरोवराच्या पलीकडच्या काठच्या देशाचा जलतज्ज्ञ बोलतच होता. त्याचा आवाज हेडफोनमधून येत होता, तिचा आवाज माइकमधून जात होता, आणि या दोहोंच्या मधे आपण नक्की कुठे आहोत याची तिला फारशी फिकीर नव्हती.

"सरोवरात आजमितीला चार अब्ज लिटर पाणी शिल्लक आहे," ती माइकमध्ये म्हणाली.

नवऱ्याची पेन्सिल जागच्या जागी थांबली. मग त्यानं पुन्हा टकटक केलं, या खेपेला जरा जोरात. तिनं न बघताच हात वर करून 'कळलं, कळलं' अशी खूण केली. बिलियन म्हणाला होता तो. अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं. बिलियन म्हणजे अब्ज, अब्ज म्हणजे गिगा. यात टेरा कुठून काढलं यानं? कालही त्यानं असंच लिहिलं होतं आणि परवाही. चूक होतेय बिचाऱ्याची. वय झालं की होतंच असं कधीमधी. तिनं त्याची चूक पोटात घातली आणि पुढचं वाक्य उचललं.

दुभाष्यांच्या बूथमध्ये कायम दोघं बसतात. अर्धा-पाऊण तास एकानं बोलायचं, मग दुसऱ्यानं. बोलणाऱ्याचं डोकं वाक्यात गुंतलेलं असतं. वाक्याचा काही अंदाज बांधता येतो, आकड्याचा येत नाही. तो मधूनच येतो आणि हातातून निसटतो. म्हणून गप्प बसलेल्यानं आकडे ऐकायचे आणि लिहून जोडीदारासमोर धरायचे, ही तिथली रीत. लिहिणाऱ्यानं लिहायचं आणि बोलणाऱ्यानं डोळे झाकून म्हणायचं, इतका भरवसा लागतो. नवराबायको एका बूथमध्ये बसतात म्हटल्यावर लोक सुरुवातीला हसायचे. घरी कमी भांडता वाटतं, म्हणायचे.

मोठ्या आकड्यांची तर तऱ्हाच निराळी. आपण हजारानंतर दोन-दोन शून्यांच्या पायऱ्या चढत लाख, कोटी, अब्ज करत जातो. बैठकीच्या सामायिक भाषेत तीन-तीन शून्यांची पायरी. आणि काही भाषा अशा आहेत, की त्या मिलियनपासून पुढे एकदम सहा शून्यांची ढांग टाकतात. नावं बघाल तर सारखीच, आत माल वेगळा. कानात येतं ते एका जिन्यावरचं आणि तोंडानं सांगायचं दुसऱ्या जिन्यावरचं, तेही वाक्य न थांबवता. भल्याभल्यांची तिथे भंबेरी उडते.

त्यावर तोडगा नवऱ्यानंच काढला होता, लग्नाच्याही आधी. तो आकड्यापुढे शब्द लिहायचाच नाही. हजाराला कि, दहा लाखाला मे, अब्जाला गि, लाख कोटीला टे. किलो, मेगा, गिगा, टेरा. "याला ना काठ, ना देश," तो म्हणायचा, "गिगा म्हणजे गिगा, जगाच्या पाठीवर कुठेही जा." सगळा विभाग त्याला आकडेशास्त्री म्हणायचा. नव्या मुलांना तो ही युक्ती शिकवायचा, आणि ती त्यांना नावांचे घोळ शिकवायची. ही खोड मग घरातही शिरली. भाजीत मीठ मायक्रो पडलंय. आज बसला मेगा गर्दी. तिची ताई आली, की तासन्‌तास बोलत बसायची आणि हा हळूच म्हणायचा, टेरा. ताईला कळायचं ते. "अगं, हा माणूस आहे की वजनकाटा?" ती विचारायची, आणि पुन्हा तिथूनच बोलायला लागायची.

ताई हिवाळ्यात गेली. आईच्या मागे तिनंच हिला वाढवलं होतं, वेण्या घातल्या होत्या, परीक्षेला जाताना हातात पेन दिलं होतं. दवाखान्यातले कागद, घर रिकामं करणं, कपडे कुणाला, भांडी कुणाला, सगळं हिनं केलं, कुठेही न चुकता. मग कामावर हजर झाली. किती सावरली, लोक म्हणाले. सावरली कसली! दाढ काढल्यावर गाल असतो ना आपलाच, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. रडू आलं नव्हतं. भूक लागत नव्हती, पण समोर आलं की जेवायची. कुणी काही बोललं की हो म्हणायची, आणि पुढचं काम करायची. बूथमध्ये तर हे बधिरपण सोयीचंच पडलं. आवाज कधी नव्हता इतका सपाट आणि शांत येऊ लागला. एका प्रतिनिधीनं मुद्दाम चिठ्ठी पाठवून तिची तारीफ केली होती. ती कुठे ठेवली, तिला आठवत नव्हतं.

चहाच्या सुट्टीत ती दोघं खिडकीशी उभी राहिली. तो कप हातात धरून तिच्याकडे बघत काहीतरी बोलत होता. खाली रस्त्यावर एक माणूस गाडीची काच पुसत होता. पुसून झालेल्या जागेवरूनच पुन्हा फडकं फिरवत होता.

"हो," ती म्हणाली.

नवऱ्यानं कप खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. तो आणखी काही म्हणणार, तेवढ्यात विभागाच्या कचेरीतला शिपाई आला आणि मोठ्या बाईंनी याला बोलावलंय म्हणाला. मोठ्या बाई म्हणजे दुभाषी विभागाच्या प्रमुख. स्वतः आयुष्य बूथमध्ये काढलेल्या, कुणाला उगाच बोलावणाऱ्यातल्या नव्हेत. तो गेला. ती त्याचा उरलेला चहा प्यायली, साखर होती की नव्हती कोण जाणे.

तो परत आला तेव्हा तिची पाळी पुन्हा सुरू व्हायला थोडाच वेळ होता. तो खुर्चीवर बसला, पेन्सिलीला टोक काढलं, आणि ती खाली ठेवून दिली.

"उद्यापासून मला तळमजल्यावर बसायला सांगितलंय," तो म्हणाला. "छापील भाषांतरं तपासायची."

"का?"

"आकड्यांची तक्रार आलीय. आपल्या बूथमधून चुकीचे जातायत म्हणे."

"कुणी केली?"

"आपल्याच काठच्या मंडळींनी. जाऊ दे. वय झालं आता. तळमजल्यावर उन्हाळ्यात गारवा असतो."

त्यानं हे इतक्या सहज सांगितलं, की दुसऱ्या कुणाला ते खरंही वाटलं असतं. पण ती त्याला ओळखून होती. तळमजल्यावर ज्याला धाडलं तो परत वर आला, असं आजवर झालेलं नव्हतं. आणि या माणसाचं सगळं सुख या काचेच्या खोक्यात होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा बातम्या लागल्या की त्याची बोटं मांडीवर आकडे लिहायची. बूथ गेला, तर हा सकाळी उठेल कशासाठी? बायको म्हणून तिच्या पोटात खड्डा पडायला हवा होता. ती वाट बघत बसली, आता पडेल, मग पडेल. काहीच पडलं नाही. त्या न पडण्याचीच तिला पुसटशी भीती वाटली.

पाळी तिनं कशीबशी उरकली. आता बोलायची पाळी त्याची होती, आणि पलीकडच्या काठची मंडळी कसले तरी नकाशे दाखवत होती. नकाशांत आकडे नसतात. "मी आलेच," असं त्याला खुणेनं सांगून ती बूथबाहेर पडली. आपल्याला काही वाटत नसलं म्हणून काय झालं, जे करायचं ते तर ठाऊक आहे ना! याच्या चुका आपण वेळीच सावरल्यात. एकही चुकीचा आकडा आपल्या तोंडून बाहेर गेलेला नाही. मग तक्रार कसली? एवढं बाईंच्या कानावर घातलं की झालं.

मोठ्या बाईंच्या खोलीत खिडकी नव्हती. टेबलावर बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचं यंत्र, एक झाडाची कुंडी, आणि बाईंचा चष्मा, जो त्या वाचताना काढत आणि माणसाशी बोलताना घालत.

"बसा," बाई म्हणाल्या. "मला वाटलंच तुम्ही येणार."

"बाई, त्यांना खाली पाठवू नका."

"मलाही काही हौस नाही हो. पण आज तर कहर झाला. पलीकडचा माणूस सरोवराचा साठा सांगतोय आणि आपल्या मंडळींच्या कानावर काय पडतंय? अर्धी माणसं उठून बाहेर गेली. समोरचे आपली थट्टा करतायत, अशी त्यांची समजूत झाली. माझ्याकडे येऊन टेबलावर हात आपटून गेले."

"पण तसं काही झालेलंच नाही. म्हणजे, ते लिहिताना चुकत होते, हे खरं आहे. मी नाही म्हणत नाही. पण बाहेर काही चुकीचं गेलेलं नाही. मी सावरून घेत होते."

बाईंनी चष्मा घातला.

"सावरून घेत होता म्हणजे?"

"ते टेरा लिहायचे. मी अब्ज म्हणायचे," ती म्हणाली. "आजही तसंच झालं. समोरचा बिलियन म्हणाला, यांनी चार टेरा लिहिलं. मी म्हटलं, असू दे, आणि चार अब्ज सांगितलं. गेल्या सगळ्या बैठकांत मी हेच करतेय. एकदाही चुकू दिलं नाही."

बाहेरच्या कुणाची पावलं दारापर्यंत आली आणि निघून गेली.

"पुन्हा एकदा सांगा," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "त्यांनी काय लिहिलं होतं?"

"टेरा. चार टेरा."

"मला ते म्हणाले, त्यांनी गिगा लिहिलं. तुम्ही फक्त समोरचं वाचलंत, तुमचा काही दोष नाही. शपथेवर सांगतो म्हणाले."

ती बाईंकडे बघत राहिली. कुणीतरी आपल्याशी परक्या भाषेत बोलतंय आणि आज बूथमध्ये कुणी बसलेलंच नाही, तसं काहीसं तिला वाटलं.

"टेराच बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "अहो, तुम्हाला मी काय सांगायचं! तुम्हीच नव्या मुलांना शिकवता. पलीकडच्या काठाचं बिलियन म्हणजे लाख कोटी. आजवर ते त्यांच्या भाषेत बोलायचे, तो दुसऱ्या बूथचा प्रश्न होता. या खेपेला वेळ वाचवायला ते सामायिक भाषेत बोलतायत, पण मोजतायत त्यांच्या जुन्याच रीतीनं. पहिल्या सकाळी सगळ्यांना उभं करून हेच बजावलं मी. तुम्ही अगदी माझ्यासमोर होतात. मान हलवलीत."

"हलवली?"

"हलवलीत की. मी मनात म्हटलंसुद्धा, चला, या बूथची चिंता नाही." बाईंनी यंत्रावर हात ठेवला, पण ते सुरू केलं नाही. "चार अब्ज लिटरमध्ये गावाबाहेरचं तळं भरतं. सरोवर नाही. ज्याच्या काठावर दोन देश भांडतायत त्याला ते तळं म्हणतायत, असं ऐकू गेलं आपल्या लोकांना."

कुठलाही नवशिका दुभाषीसुद्धा तेवढा हिशेब करून थबकला असता. एवढ्या मोठ्या पाण्यात इतकंच पाणी कसं, असा साधा प्रश्न पडला असता त्याला. तिला पडला नव्हता. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लाज वाटली, चांगली सणसणीत, मानेपर्यंत उतरणारी. कित्येक महिन्यांत तिला पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ते हे निघावं!

"ताईंच्या वेळी तुम्ही रजा घेतली नव्हती का?" बाईंनी विचारलं.

"घेतली होती. घर आवरायला."

"तेवढीच?"

"हो," ती म्हणाली, आणि मग स्वतःचाच तो हो ऐकून दचकली. "बाई, खाली मला बसवा. त्यांना वर राहू द्या. आपल्या मंडळींना काय सांगायचं ते माझ्या नावानं सांगा."

"सांगावं तर लागेलच. आज बैठक उठायच्या आत." बाई उठून उभ्या राहिल्या. "खाली-वरचं उद्या बघू. आणि त्यांना माझा निरोप द्या, की माझ्या तोंडावर इतकं धडधडीत खोटं आजवर कुणी बोललेलं नाही."

ती परत बूथकडे गेली नाही. पाय गेलेच नाहीत. बैठक उठेपर्यंत ती वळणावरच्या हात धुवायच्या जागी नळाखाली मनगटं धरून उभी राहिली. मग दारं उघडल्याचा, खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, माणसं बोलत बोलत जिन्याकडे गेली, आणि ती बाहेर आली.

लांबलचक व्हरांड्यात बाकावर तो बसला होता. शेजारी तिचा कोट नीट घडी घालून ठेवला होता. तिच्याकडे बघून त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.

"सांगून टाकलंस वाटतं," तो म्हणाला.

"मी तुला वाचवायला गेले होते."

"अरे देवा." तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. "आणि मी इतका घोटून घोटून खोटं बोललो!"

"बाई म्हणाल्या, इतकं धडधडीत खोटं कुणी बोललं नाही."

"पहिलीच वेळ होती. पुढच्या वेळी बरं जमेल."

एरवी त्या बोलण्यावर ती हसली असती. आता तिला त्याचा राग आला. खरोखरचा राग. हा माणूस तळमजल्यावर जायला निघाला होता, आपलं सगळं सुख वर सोडून, आणि तिला पत्ताही लागू देणार नव्हता.

"मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "त्यांच्यासमोर शपथा घेतोस, आणि मला साधं सांगता येत नाही तुला? की बये, तू चुकतेयस? इतकी का मी परकी झाले?"

त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. उत्तर द्यावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

"कधी?"

"बैठकीच्या पहिल्याच संध्याकाळी. तू भाजी चिरत होतीस. मग बसमध्ये. काल दिवा मालवायच्या आधी सांगितलं, चांगलं उठून बसून. आज चहाच्या वेळीही तेच सांगत होतो."

"मग मी काय म्हणाले?"

"हो म्हणालीस. दर वेळी हो म्हणालीस. काल तर म्हणालीस, बरं झालं सांगितलंस."

तिनं आठवून बघितलं. भाजी आठवली, सुरी आठवली, बसच्या खिडकीला आलेली वाफ आठवली. त्याचा आवाज त्यातल्या कशातच नव्हता. तो शेजारी बसून बोलत राहिला असणार, आणि हिच्याकडून हो आल्यावर गप्प झाला असणार. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. हिवाळ्यापासून हे असंच चाललं असणार. ती बाकाच्या आणखी जवळ आली.

"ऐक," ती म्हणाली. आवाज तिला नीट लावता येईना. "ताई गेल्यापासून तू मला आणखी काय काय सांगितलंस?"

"बरंच आहे," तो म्हणाला, आणि बाकावरचा तिचा कोट उचलून मांडीवर घेत त्यानं तिला जागा करून दिली.